शीर शोधणारं बोट

रक्त तपासायच्या त्या केंद्रात तिला सगळे मुंगीबाई म्हणत, कारण तिची सुई मुंगी चावल्याएवढीच लागायची. सगळी करामत डाव्या तर्जनीची. ज्या हातावर शीर औषधालाही दिसत नाही, तिथे ती डोळे मिटून बोट फिरवी आणि शीर हुडकून काढी. मग एकदा घरी भांडी धुताना पेला फुटला आणि नेमकं तेच बोट खोल चिरलं. आतला मज्जातंतू तुटला. डॉक्टरांनी तो शिवला, जखमही भरली, पण बोट राहिलं लाकडाचं. केंद्रप्रमुखांनी तिला पावत्या फाडायला बसवलं. "बोट सुधारलं तर रक्त काढायची खुर्ची तुमचीच, नाही तर..." तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर म्हणाले, "मज्जातंतू वाढतो हो, पण त्याला वाट कळत नाही. वाट दाखवतं भोवतीचं मांस आणि कातडी. इकडे ये, इथे फाटा फोड, इथे थांब, हे तीच मंडळी सांगतात. कधीकधी एखादा फाटा शेजारच्या घरात शिरतो, एवढंच."

घरी सासूबाईंनी कंबर कसली. सुनेचे डोळे बांधायच्या आणि बोटावर कधी टॉवेल घासायच्या, कधी कंगवा.

"हे काय?"

"बटण."

"डोंबलाचं बटण! माझं नाक आहे ते."

हळूहळू बोटाला कळू लागलं, पण पत्ता चुकवून. टोकाला हात लावला की जाणीव व्हायची कडेला.

पुढे सासूबाईंची साखर तपासायची वेळ आली. त्यांच्या शिरा मुलखाच्या चुकार. "माझं रक्त सूनच काढेल," त्यांनी प्रमुखांना ठणकावलं आणि बाही वर सारली.

सुनेनं चाचपलं. बोटाच्या कडेला काहीतरी मऊ जाणवलं. तिनं त्याच बाजूला सुई घातली. नळी कोरडी. प्रमुखांच्या कपाळावर आठी चढली.

"टोच परत," सासूबाई म्हणाल्या. "हात काही पळून जात नाही."

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. बोट शीर बरोबर ओळखत होतं, जागा तेवढी चुकीची सांगत होतं. जाणवतं कडेला, म्हणजे शीर टोकाखाली. तिनं बोटाचं ऐकलं नाही, सुई टोकाखाली घातली. नळीत रक्त चढलं.

"उद्यापासून खुर्चीवर या," प्रमुख म्हणाले.

तिला रडूच फुटलं. "आई, फार दुखलं का हो?"

"छे!" सासूबाई म्हणाल्या आणि मोकळ्या हातानं आपले डोळे पुसले. दोन्ही वेळा चांगलंच दुखलं होतं.