नऊ अहवालांतली मथुराबाई

आमच्या सोलापुरातल्या एका सरकारी शिवण प्रशिक्षण केंद्रात मथुराबाई झाडू मारतात. तिथले साहेब मोठे हुशार! संसदेला जाणाऱ्या वार्षिक अहवालात ‘यशस्वी प्रशिक्षणार्थी’ म्हणून गेली नऊ वर्षं बाईंचाच फोटो, फक्त साडी वेगळी. यंदा खासदारांची समिती नऊही अहवाल घेऊन दारात हजर! एका खासदारबाईंनी फोटोवर बोट ठेवलं, "मथुराबाई, जरा शिवून दाखवा."

साहेबांना घाम फुटला. झाडूची नोकरी गेली, असंच बाईंनाही वाटलं. तरी मशीनवर बसल्या आणि बघता बघता पिशवी शिवून दिली.

"कधी शिकलात हो?" साहेब कुजबुजले.

"झाडून झालं की रोज बसत हुते की! फोटूत खोटं दिसाय नगं."

नऊ अहवालांत तेवढंच खरं निघालं. बाईंची नोकरी टिकली. साहेबांचं मला विचारू नका.