फुसाएचं चुकलेलं पाऊल

चिझुरु नाकाजोची ओकिउरा बंदरात लाँड्री होती, पण गाव तिला ओळखायचं ते ओबोनच्या नाचामुळे. पितरांच्या त्या उत्सवात सगळा गाव फेर धरायचा, आणि त्याची पावलं शिकवायचा मान आईमागे चिझुरुकडे आला होता.

त्या वसंतात 'मोनोहोशी' नावाचा टोकियोचा रॉक बँड नव्या गाण्याच्या व्हिडिओसाठी बंदरावर आला. गिटारच्या कल्लोळात गावकरी फेर धरताहेत, असं दृश्य त्यांना हवं होतं. चिझुरुने सगळ्यांकडून कसून तालीम करून घेतली आणि शूटिंगला आईचा ठेवणीतला निळा युकाता किमोनो घातला.

व्हिडिओ आला. त्यात चिझुरु क्षणभर दिसली, तीही पाठमोरी. पडदाभर होती ती शेजारची फुसाए, माकूळ भाजून विकणारी. नेहमीसारखीच ती वळणावर चुकली होती. सगळे मागे सरले, ही पुढे गेली आणि स्वतःशीच हसली. गाणं देशभर गाजलं. पोरंपोरी तेच चुकलेलं पाऊल नाचू लागली.

"वीस वर्षं घसा फोडतेय, मागे जा, मागे जा," चिझुरु नवऱ्याला म्हणाली. "आता हिचा फोटो स्टेशनवर लावलाय."

"दिसते मात्र गोड," नवरा म्हणाला.

त्या आठवड्यात त्याच्या शर्टांना इस्त्री झाली नाही.

फुसाएच्या दुकानापुढे रांगा लागायला लागल्या. एका मुलीने लाँड्रीत डोकावून विचारलं, "काकू, फुसाएसानचं दुकान कुठे?"

"आज बंद आहे," चिझुरु म्हणाली. भाजल्या माकुळाचा वास तिथवर येत होता. तरी मुलगी बिचारी परत गेली, आणि चिझुरुला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

ओबोन जवळ आल्यावर फुसाए मागच्या दाराने आली. "चीचान, लोक म्हणतात ते पाऊल शिकवा. मला येतच नाही गं. मुद्दाम चुकायला गेलं की बरोबर पडतं."

"पडू दे की. जन्मात एकदा तरी."

"माझं चुकणं तूच बघत आलीस. नक्की काय करते मी?"

'माहीत नाही' असं चिझुरुच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती उठली आणि टांगलेल्या कोटांमधल्या जागेत उभी राहिली.

"आधी तुझा उजवा खांदा पडतो. मग पाय घाबरतो. असा."

"अगदी मीच," म्हणत फुसाए डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. चिझुरु हसली नाही.

ओबोनला ढोल वाजवण्यासाठी बांधलेल्या मचाणावर उभं राहून चिझुरुने आलेल्या साऱ्या गर्दीला ते पाऊल शिकवलं. तिच्या शिकवण्यात कसर नव्हती, सगळ्यांना जमलं. फोन मात्र सगळे फुसाएकडे वळलेले होते.

नाच संपल्यावर एका तरुणाने चिझुरुच्या हातात फोन दिला. "काकू, फुसाएसानबरोबर आमचा एक फोटो काढता?"

तिने काढला. त्यात फुसाए फारच छान आली होती, म्हणून तिने आणखी एक काढला.