एकाच अक्षरातले फॉर्म
स्टॅम्प पॅडच्या शाईचा वास आला की अजूनही माझं डोकं फिरतं. आबिड्स भागातल्या एका सरकारी कचेरीत दाखल्यांना उशीर का होतो, याचा मी अभ्यास करत होते. रांगेतल्या लोकांनी भरायचे माझ्या पाहणीचे फॉर्म खिडकीवरच्या कारकुनाकडे ठेवले होते. आठवड्याने गठ्ठा घ्यायला गेले, तर सगळे एकाच अक्षरात भरलेले, सगळीकडे ‘सेवा उत्तम’. मी भडकलेच. शिक्के मारता मारता तो म्हणाला, “मॅडम, लोगां को टाइम कां है? मैंच भर दिया.” गठ्ठा मी तिथल्या तिथे रद्दीत टाकला. टाकताना शेवटच्या फॉर्मवर, सूचनांच्या रकान्यात, त्याच अक्षरातली एक ओळ दिसली होती : ‘या खिडकीला आणखी एक माणूस द्या.’ माझा अहवाल चांगला जाडजूड झाला. ती ओळ तेवढी त्यात नाही.