ग्वेनबाईंची साक्ष, योगिताच्या तोंडून

शिरूर कासारात इंग्रजी येणारी माणसं आहेत, पण समोरच्याचं इंग्रजी ऐकून त्याच दमात मराठीत सांगणारी एकच, योगिता साळवे. एका खासगी शाळेत ती आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. चर्चमध्ये बाहेरदेशचे पाहुणे आले की पास्टर आदिनाथ तिलाच बोलावतात. बारा वर्षं झाली. प्रवचनं, औषधांच्या सूचना, चष्म्यांचे नंबर, सगळं तिच्या तोंडून गेलंय.

या एप्रिलमध्ये कॅनडाहून सहा बायकांचा गट आला. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे गाळपाचा हंगाम संपून, ऊसतोडीची माणसं गावी परतली होती, म्हणून तारीख तीच धरलेली. बायकांसाठी एक दिवसाचा मेळावा होता. गाणी, चार शब्द, रक्तदाबाची तपासणी आणि दुपारचं जेवण.

आदल्या संध्याकाळी पास्टर घरी आले. चहा समोर ठेवला तरी कप उचलेनात.

"ताई, जमंल का? न्हाई म्हणलात तरी चालंल."

"जमंल की. कावून न्हाई जमणार?"

त्यांना प्रियदर्शनीचा विषय काढायचा होता, तो काढता आला नाही. प्रियदर्शनी योगिताची एकुलती एक मुलगी. संभाजीनगरला नर्सिंग करत होती. डिसेंबरात डेंग्यू झाला आणि चार दिवसांत गेली, एकोणीस वर्षांची. नवरा शहादेव टेम्पो घेऊन पुण्याकडं गेलेला होता, तो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. पंधराव्या दिवशी योगिता शाळेत हजर झाली. तेव्हापासून ती रडली नव्हती. रडू दाबत होती असंही नाही, ते येतच नव्हतं. भाजीत मीठ नसलं तरी तिला कळायचं नाही.

मेळाव्याला दोनशेच्या वर बायका आल्या. चर्चच्या थोड्या, बाकीच्या आसपासच्या वस्त्यांवरच्या. साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्याला कसं सावरलं ते सगळ्यांसमोर सांगायला, ग्वेन नावाच्या साठीतल्या बाई उठल्या. त्या एक वाक्य बोलायच्या, थांबायच्या, आणि योगिता ते मराठीत सांगायची. नेहमीसारखंच, 'मी' म्हणून.

"मी शेतावर वाढले. माझ्या नवऱ्याच्या दोनशे गायी आहेत."

शहादेवच्या दारात शेळीही नाही हे ठाऊक असलेल्या बायका खळखळून हसल्या. ग्वेनबाईही हसल्या.

"मला एक मुलगी होती. वीस वर्षांची. दवाखान्यातून फोन आला. मी पोचेपर्यंत ती गेली."

पुढच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. त्या ग्वेनबाईंकडं बघत नव्हत्या, योगिताकडं बघत होत्या. योगिताला ते दिसलं. पण पुढचं वाक्य आलं होतं.

"तिचे कपडे अजून कपाटातच आहेत."

तिसऱ्या रांगेतून रतनबाई उठली. दरसाल नवऱ्याबरोबर कारखान्यावर कोयता घेऊन जाणारी बाई. तिची धाकटी योगिताच्या वर्गात होती.

"पोरी, बास. बस खाली. कावून इतकं बोलायलीस?"

ग्वेनबाईंनी इंग्रजीत विचारलं, त्या काय म्हणतात? योगितानं इंग्रजीत सांगितलं, तुम्ही दमला असाल, बसून घ्या म्हणतात.

ग्वेनबाईंचे डोळे भरले. रतनबाईकडं बघून त्यांनी हात जोडले आणि खुर्चीवर बसल्या. रतनबाई मात्र सरळ पुढं आली, तिनं योगिताचं मनगट धरलं आणि तिला मंडपामागं सावलीत नेऊन पाणी पाजलं. पास्टरांनी माईक घेऊन गाणं सुरू केलं.

जेवताना ग्वेनबाईंना पास्टरांकडून खरं काय ते कळलं. त्या हातातलं ताट ठेवून आल्या.

"मला माहीत असतं तर मी तुम्हाला हे बोलायला लावलं नसतं."

"तुम्ही चांगलं बोललात," योगिता म्हणाली.

त्यांनी तिला मिठी मारली. त्यांच्या खांद्यावरून योगिताला पंगतीतलं वरण संपलेलं दिसलं. तिनं वाढणाऱ्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी गेवराईला मेळावा होता. तिथं तिनं 'ह्या बाई सांगतात' असं म्हणून तीच साक्ष मराठीत सांगितली. मग पाहुण्या गेल्या.

पुढच्या रविवारी दुपारी रतनबाई घरी आली. खुर्ची नको म्हणाली, भिंतीला टेकून बसली.

"आमी तवा कारखान्यावर होतो. माघारी आल्यावर कळलं, पण धड कुनी सांगितलं न्हाई. तू पोचायच्या आधीच गेली म्हन लेकरू?"

"ते त्या बाईचं होतं," योगिता म्हणाली. "मी होते तिच्याजवळ."

"मग तुझं सांग."

सोमवारी सकाळी मुलीचा फोन आला, इथून योगितानं सुरू केलं. धडा समजावताना असतो तसाच तिचा आवाज होता. वॉर्ड, सलाईन, प्लेटलेटचे आकडे, कोणत्या दिवशी ती काय बोलली, सगळं क्रमानं आलं. रतनबाईच रडली. योगितानं तिला टॉवेल दिला.

शहादेव आला तेव्हा रतनबाई निघत होती. ती गेल्यावर त्यानं विचारलं, "काय म्हणत होती?"

"प्रियाचं विचारत होती. सांगितलं सगळं."

शहादेव चप्पल न काढताच उंबऱ्यावर बसला.

"मला न्हाई सांगितलंस कधी," तो म्हणाला. "मलाबी सांग."

योगिता त्याच्या शेजारी बसली आणि सोमवारच्या फोनापासून पुन्हा सांगू लागली.