मशीनमधला ठेका

मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली, तेव्हा तिच्या कपाटात मागे राहिलेल्या वस्तूंचे मी तीन ढीग केले. द्यायच्या, टाकायच्या आणि विकायच्या. विकायच्या ढिगात एक छोटा सिंथेसायझर होता. शाळेच्या कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा, अरुंद पंचवीस पट्ट्या, वर बारीक दिव्यांची रांग, कोपऱ्यात स्पीकर. तिनं तो हौसेनं घेतला होता आणि दोन महिन्यांत विसरून गेली होती. फोनवर विचारलं तर म्हणाली, "विकून टाक ना आई. कोण वाजवणार आहे?"

विकायचं तर वस्तू चालू आहे का ते आधी बघावं लागतं. मी एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तपासल्याशिवाय काही दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही, ही पंचवीस वर्षांची सवय. टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून त्यात घातले आणि एकेक पट्टी दाबून पाहिली. सगळ्या वाजत होत्या. तपासणी तिथं संपायला हवी होती. पण सरळ दाबून झाल्यावर मी त्या उलट दाबल्या, आणि मग बोटं आपली आपण एका जुन्या गरब्याच्या चालीवर गेली. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. डाळ करपली.

सिंथेसायझर विकला नाही. सकाळी साडेसहा ते सात, बडोद्यात मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत, मांडीवर घेऊन मी तो वाजवायला लागले. खाली सोसायटीतल्या स्कूटर एकामागून एक सुरू होत. नवऱ्यानं पहिले चार दिवस सहन केलं. पाचव्या दिवशी चहा घेऊन आला आणि म्हणाला, "समोरचे विचारत होते, तुमची डोअरबेल बिघडलीय का?" मी मुलीचे हेडफोन शोधून काढले.

मला या वयात नवं काही शिकायचं नव्हतं. कोणापुढे वाजवायचं तर नव्हतंच. पण चाल बरोबर लागली की दिवसभर डोकं हलकं राहायचं. प्रयोगशाळेत नमुन्यांवर चिठ्ठ्या लावताना मी गुणगुणते आहे हे सहकाऱ्यांच्या लक्षात आलं. त्यांनी विचारलं, "बेन, प्रमोशन मळ्युं के शुं?" मी म्हटलं, नाही, सेल बदललेत. त्यांना काही कळलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी ठेका करायला घेतला. वरच्या दिव्यांच्या रांगेचा उपयोग तोच. सोळा दिवे म्हणजे सोळा जागा, हव्या त्या जागी ठोका ठेवायचा, यंत्र तो पुन्हा पुन्हा वाजवत राहतं. गरब्याचा ताल हींच, तो सहा मात्रांचा, सोळांत बसेना. दोन सकाळी वाया गेल्या. मग माहितीपत्रक वाचलं आणि जागा सोळाच्या बारा केल्या. ठेका अचूक बसला. वेग बरोबर, वजन बरोबर, एक ठोका इकडचा तिकडे नाही.

ऐकलं आणि मला लाज वाटली. कारण असा न चुकणारा मशीनचा ठेका मी आधी एकदा ऐकला होता, आणि तो कोणाच्या जागी वाजला होता हे मला चांगलं माहीत होतं.

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. आम्ही बडोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहत होतो. अर्धी घरं मराठी, अर्धी गुजराती, नवरात्रात गरबा सगळ्यांचा. गाणारे-वाजवणारे मैदानाच्या मध्ये, देवीच्या चौरंगाशेजारी सतरंजीवर बसत आणि बाकीचे त्यांच्याभोवती फिरत. बारावी झाल्यावर वडिलांनी मला कीबोर्ड घेऊन दिला होता, त्यामुळे मी सतरंजीवर होते. शेजारी ढोलक घेऊन कॉलनीतले एक काका बसायचे. ते इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते, भुसावळहून बदलून आलेले. वाजवताना ते गाणाऱ्या बायकांकडे बघत नसत. फिरणाऱ्यांच्या पायांकडे बघत. पाय तापले की ठेका चढवत, म्हाताऱ्या बायका मागे पडायला लागल्या की हळूच उतरवत. हे मला तेव्हा दिसत होतं, पण त्यात काही विशेष आहे असं वाटत नव्हतं.

अडचण एकच होती. काकांची ड्यूटी. शेडमधून सुटायला त्यांना उशीर व्हायचा आणि त्यांच्यासाठी गरबा वीस-वीस मिनिटं थांबायचा. बायका कुरकुरत. मी एकोणीस वर्षांची होते आणि कोणतीही गोष्ट खोळंबलेली मला बघवत नसे. मंडळाच्या नवरात्राआधीच्या बैठकीत मी म्हटलं, "वाट कशाला बघायची? माझ्या कीबोर्डमध्ये ठेका आहे." हींच त्यात नव्हती, पण सहा मात्रांचा एक परदेशी ठेका होता. वेग वाढवला की तो चालून जाई. मी तिथंच वाजवून दाखवला. सगळ्यांना पटलं. मुलगी हुशार आहे, असं सेक्रेटरी म्हणाले.

काकांना कोण सांगणार, हा प्रश्न कोणी काढला नाही. कोणीतरी सांगेल असं प्रत्येकानं धरलं. मीही.

पहिल्या दिवशी गरबा वेळेवर सुरू झाला. थोड्या वेळानं काका आले. अंगावर शेडचेच कपडे, काखेत चादरीत बांधलेलं ढोलक. ते रिंगणाच्या बाहेर उभे राहिले. मी त्यांना पाहिलं आणि मान खाली घालून पट्ट्यांकडे बघत राहिले. दोन गरबे झाले. मान वर केली तेव्हा ते गेलेले होते.

नंतर त्यांच्याशी याबद्दल कोणी बोललं असं मला आठवत नाही. रस्त्यात भेटले की ते वडिलांची चौकशी करत, मी अभ्यासाचं सांगे. दोन वर्षांनी मंडळानं मोठे स्पीकर आणि तयार कॅसेट आणल्या, मग माझीही गरज उरली नाही. मी मनाला लावून घेतलं नाही. लग्न ठरलं तेव्हा कीबोर्ड मावसबहिणीच्या मुलांना दिला. त्यांनी तो खेळून मोडला.

हे सगळं मी तीस-बत्तीस वर्षं विसरले होते असं म्हणणं खोटं ठरेल. आठवायचं. पण आठवलं की मी लगेच म्हणायची, निर्णय मंडळाचा होता. त्या सकाळी गॅलरीत बारा दिवे धावत होते आणि हे वाक्य काही तोंडात येईना.

कॉलनीतल्या जुन्या लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तिथं विचारलं. संध्याकाळपर्यंत कळलं की काका आहेत, करजणला मुलाकडे असतात, काकू गेल्या. मुलाचा नंबरही मिळाला. मी रविवारी जायचं ठरवलं आणि नवऱ्याला सांगितलं.

"काय करणार जाऊन?"

"सांगणार, की ती कल्पना माझी होती."

"आणि ते काय करणार?"

"ते त्यांचं ते बघतील."

"मग फोनवर सांग ना."

"प्रत्यक्ष सांगायची गोष्ट आहे."  रविवारी तो मला डेपोपर्यंत सोडायला आला.

एसटीत मी वाक्य तयार केलं. छोटं, सबब नसलेलं. सिंथेसायझर पिशवीत घेतला होता. का घेतला ते मला नीट सांगता येणार नाही. बहुधा रिकाम्या हातानं जायला धीर होत नव्हता.

घर बाजाराच्या मागे होतं. खाली मुलाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, वर राहायला. काका पलंगावर बसले होते. बनियन, लेंगा, चष्म्याला दोरी. वाळले होते, पण आवाज तोच.

"गार्डसाहेबांची धाकटी ना तू? आव, आव, बेस. पेटी वाजवायचीस."

"पेटी नाही काका, कीबोर्ड."

"तेच ते. विजेवरची पेटी. अगं, केस पिकले की तुझे! मला वाटलं, सून म्हणतेय मुलगी येणार, तर मुलगीच येईल."

सूनबाई हसली आणि ताक आणायला गेली. मी विषय निघायची वाट बघितली नाही, नाहीतर तो कधी निघालाच नसता. म्हटलं, "काका, त्या वर्षी तुम्हाला न सांगता मशीनचा ठेका लावला. ती कल्पना माझी होती. मंडळाची नाही. तुम्हाला ड्यूटीवरून यायला उशीर व्हायचा, म्हणून मीच म्हटलं की वाट बघायला नको."

त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा लावला.

"उशीर व्हायचा म्हणून?"

"हो."

"हाताचं काही नाही?"

"कसला हात?"

"माझा. वाजवायचा हात."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. शांतपणे, जणू दुसऱ्या कोणाचं सांगत होते.

"मी दोन गरबे उभा राहून ऐकलं. तुझं मशीन एकदाही चुकलं नाही. एकदाही. आणि माझा डावा हात त्या वर्षी जरा दुखायचा. मला वाटलं, ह्यांच्या कानाला कळलंय. ह्याचा हात पडायला लागलाय हे सगळ्यांना कळलंय, आता तोंडावर कोण सांगणार, म्हणून मशीन आणलंय. बरोबरच आहे म्हटलं. घरी गेलो, तुझ्या काकूला सांगितलं, हात गेला. भजनाला बसायचो, ते बंद केलं. ढोलक देवळात देऊन टाकलं."

"काका, कोणाला तरी विचारायचं होतं."

"काय विचारायचं? माझा हात गेला का हो, म्हणून?"

मी घरून निघताना धरून चालले होते की त्यांना राग आला असेल. रागाची तयारी होती माझी. एका माणसानं बत्तीस वर्षं स्वतःलाच दोष दिला असेल, ह्याची नव्हती. मी म्हटलं, "हात अजिबात गेला नव्हता. मशीनला गरबा चढवताच येत नव्हता. मी मध्ये मध्ये वेगाची कळ दाबायची, तर बायकांचे पाय अडखळायचे. त्या वर्षी सगळे लवकर घरी जात होते."

"खरं सांगतेस?"

"खरं."

"सूनबाई!" त्यांनी हाक मारली. ती ताकाचे पेले घेऊन आली. "हिला सांग. मला सांगितलंस ते सगळं हिला सांग."

मी सांगितलं. सूनबाईला कोणाचा हात, कसलं मशीन, काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "हो का? बरं झालं बाई." काकांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. जिन्यावर पावलं वाजली, मुलगा दुकान बंद करून जेवायला वर आला. हाताला ग्रीस लागलेलं होतं.

"आता ह्याला."

"बाबा, त्यांना श्वास तरी घेऊ द्या," सूनबाई म्हणाली.

"घेईल. आधी सांगू दे."

तिसऱ्यांदा सांगितलं. वाक्य आता पाठ झालं होतं, तरी दर वेळी जास्त जड जात होतं. मुलानं उभ्यानंच ऐकलं.

"जाऊ द्या ना बाबा. किती वर्षं झाली."

"जाऊ द्या कसं? तूच लोकांना सांगायचास ना, बाबांचा ताल सुटतो म्हणून ढोलक दिलं?"

"अहो, तुम्हीच मला तसं सांगितलं होतं! मी सातवीत होतो. मला तालातलं काय कळतंय?"

 काका माझ्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाले, "त्यात काय आहे?" मी सिंथेसायझर काढला. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हा शेवेचा सोऱ्या वाजतो?"

मी वाजवून दाखवला. ठेका लावला नाही. एक फेरी ऐकून ते सूनबाईला म्हणाले, "तो गव्हाचा रिकामा डबा दे." तिनं दिला. त्यांनी तो मांडीवर आडवा घेतला, बोटांनी एकदा चाचपला आणि सुरुवात केली.

पहिल्या फेरीत मला वाटलं, आहे, तोच हात आहे. मी पुढची ओळ घेतली. दुसऱ्या फेरीला डावा हात मागे राहिला. त्यांनी ओढून घेतला, पुन्हा मागे राहिला. मी वेग कमी केला, तेवढ्यातही तो पोहोचेना. बोटं जागेवर पडत होती, पण उशिरा. खोलीत ते सगळ्यांना ऐकू येत होतं. मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. काका थांबले, डबा सरळ केला आणि पुन्हा सुरुवातीपासून वाजवला. पुन्हा तिथंच मागे पडले.

त्यांनी डबा खाली ठेवला.

"आता गेलाय," ते म्हणाले. "तेव्हा नव्हता."

"नव्हता," मी म्हटलं.

ते मुलाकडे बघत राहिले. शेवटी तोही म्हणाला, "नव्हता, बाबा."

बत्तीस वर्षं वाजवलं नाही तर कोणाचाही हात जाईल. हे त्या खोलीत सगळ्यांना समजत होतं, मला सर्वांत जास्त. सूनबाई म्हणाली, पानं वाढते. काकांनी तिला हातानं थांबवलं. "घाई नको. हिला अख्खा गरबा वाजवू दे एक."

मी वाजवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. चुका झाल्या तिथं थांबले नाही. काका पलंगाला टेकून डोळे मिटून ऐकत होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि एकदाही हलले नाहीत.