हिरवी फरशी

मेहरूण तलावाच्या काठी आम्ही चार निवृत्त माणसं संध्याकाळी बसतो. कुणाच्या ना कुणाच्या घरी काहीतरी तोडफोड चालू असतेच. गेल्या आठवड्यात एकाच्या मुलाने फरशी बदलायला काढली आणि सलग तीन दिवस आम्ही फक्त ठेकेदारांवर बोललो. घर बांधताना विटांपेक्षा किस्सेच जास्त साचत असावेत. विटा निदान उरल्या तर परत देता येतात.

माझी पाळी आली की मी एखादाच किस्सा सांगतो आणि थांबतो. बाकीचे आज लिहून ठेवतो आहे. नीट आठवतं आहे की नाही, याची शंका आहेच. पण ती मला प्रत्येक बाबतीत असते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी जळगावच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो. तीन खोल्यांचं घर होतं आणि त्यात ओबडधोबड शहाबादी फरशी. माझी पत्नी कमल हिला धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. ते म्हणाले, "नजर हळूहळू जाणार. वर्षभर, फार तर दीड वर्ष."

परतीच्या एसटीत ती पारोळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "दिसतंय तोवर घरातली जमीन सपाट करून घ्या. पुढं मला त्या घरात पायांनीच राहायचंय. आणि रंग मी निवडणार. फरशी मला बघायचीय."

तेव्हापासून मला झोप नव्हती. फरशी चुकली तर ती पडणार, आणि उशीर झाला तर तिला ती दिसणार नाही.

*

मोझॅक टाइल्सचं दुकान एका मारवाडी शेटजींचं होतं. कमलने नमुन्याची एकेक टाइल दारातल्या उजेडात नेऊन डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरली. शेवटी हिरवी निवडली, पांढऱ्या खड्यांची.

मी शेटजींना विचारलं, "वीस वर्षं टिकेल?"

"टिकेल."

"तीस?"

"टिकेल की."

"पन्नास?"

शेटजींनी चष्मा काढून पुसला. "सर, पन्नास वर्षांनी तक्रार घेऊन नक्की कोण येणार? तुम्ही येणार, आणि मी इथं बसलेला असणार?"

कमल हसली. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

*

ठेकेदार कसा निवडायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पीएच.डी.पर्यंत शिकलो, पण माणूस कसा पारखावा याचा कुठेच पेपर नव्हता. मी चार ठेकेदारांचा तक्ता केला. अनुभव, हत्यारं, बोलणं, वक्तशीरपणा, शिफारस. प्रत्येकाला दहापैकी गुण. दोघं बरोबरीत आले, म्हणून स्वच्छतेचा सहावा रकाना वाढवला. आता तिघं बरोबरीत आले.

कमल स्वयंपाकघरातून म्हणाली, "माणूस ठेवताय की पेपर तपासताय?"

*

त्यांतल्या एकाने धुळ्यात एका वकिलांकडे काम केलं होतं. कमलला दवाखान्यात बसवून मी ते बघायला गेलो. वकीलसाहेबांनी सगळं घर कौतुकाने दाखवलं. फरशी आरशासारखी होती. मी खिशातून गोटी काढली आणि दिवाणखान्याच्या मधोमध ठेवली.

गोटी क्षणभर थांबली. मग चालू लागली. शांतपणे, अगदी सावकाश, कपाटाखाली गेली.

आम्ही दोघंही कपाटाकडे बघत राहिलो. गोटी परत मागायचं मला धैर्य झालं नाही.

वर्षभराने वकीलसाहेब जळगावला एका लग्नात भेटले. नमस्कार केला, तर म्हणाले, "प्रोफेसर, सहा वर्षं आम्ही त्या घरात सुखाने राहिलो. तुम्ही आलात आणि घराला उतार लागला. आता मला रोज दिसतो."

मी क्षमा मागितली. अजूनही कधीतरी मनात मागतो.

*

चौथा होता सुकदेव मिस्त्री. धुळ्याकडच्या खेड्यातला, चाळिशीचा, बोलायला कमी. त्याने ना कामांची यादी आणली, ना शिफारस. आल्या आल्या अहिराणीत एवढंच विचारलं, "घरमा कोन कोन ऱ्हातस? कोन कसं चालस?"

मग दारात चपला काढल्या, डोळे मिटले आणि आमच्या शहाबादीवरून चालत निघाला. स्वयंपाकघराच्या वाटेवर एका जागी थांबला. डोळे न उघडताच म्हणाला, "अक्का, तुमले आठे ठेच लागस ना?"

त्याच जागी महिन्याभरापूर्वी कमलच्या हातातून भाताचं पातेलं पडलं होतं.

"लेव्हल बघायला पाण्याची नळी वगैरे आहे ना तुमच्याकडे?" मी विचारलं.

"शे ना सर. पन डोयाले फसाडता येस, पायले नही."

तो गेल्यावर कमल म्हणाली, "ह्यांनाच काम द्या."

"अगं, तक्त्यात त्याला सगळ्यांत कमी गुण आहेत. बघ तरी एकदा."

मी तक्ता तिच्यापुढे धरला. तिने तो हातात घेतला, घडी घातली आणि मला परत दिला. "मला आता तुमचं अक्षर लागत नाही," ती म्हणाली.

सुकदेवला काम दिलं.

*

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. परमिटला सात आठवडे गेले. मग टाइल्सचा ट्रक आला आणि सुकदेवने पहिली पेटी उघडली.

टाइल्स लाल होत्या. पांढरे खडे बरोबर होते, पण टाइलचा मूळ रंग तांबडा लाल. दुसरी पेटी उघडली, तीही लाल. कारखान्यातून बदलून यायला अडीच महिने लागतील, असं ट्रकवाल्याने सांगितलं. कमल आत होती. गेल्या पंधरा दिवसांत तिने दोनदा दुधाऐवजी ताक चहात घातलं होतं. रंगाचा फरक नव्हता तो, भांड्याचा होता. भांडीच तिला ओळखू येईनाशी झाली होती.

सुकदेव हळू आवाजात म्हणाला, "परत धाडानं का सर?"

मी आयुष्यभर निर्णय टाळत आलो. त्या दिवशी घेतला, आणि तो बरोबर होता का हे मला अजून माहीत नाही. म्हटलं, "बसवा."

"आन अक्काले काय सांगशात?"

"संध्याकाळी सांगतो."

संध्याकाळी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. टाइल्स बसत गेल्या तसा त्यांच्यावर सिमेंटचा थर आणि धूळ चढली. सगळं घर राखाडी झालं, आणि मला सांगायला आणखी थोडे दिवस मिळाले.

*

सगळी फरशी बसल्यावर सुकदेव पुन्हा डोळे मिटून घरभर चालला. दोन ठिकाणी थांबला आणि त्या दोन टाइल्स उखडून पुन्हा बसवल्या. मी स्पिरिट लेव्हल लावून पाहिली होती, मला काही सापडलं नव्हतं.

मग मला म्हणाला, "सर, तुम्ही चाला."

मी डोळे मिटले. तीन पावलं टाकली.

"सर, तुम्ही डोया उघाडी टाकात," तो म्हणाला.

कमल उठली. पदर खोचला, डोळे मिटले आणि पलंगापासून चुलीपर्यंत सरळ गेली. भिंतीला हात न लावता. तिथून म्हणाली, "मिस्त्री, आता मला काळजी फक्त ह्यांची."

*

फरशी घासून तिचा रंग वर काढायचं मशीन दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत अडकलं होतं. आठवडाभर येणार नव्हतं. कमल रोज विचारायची, "रंग कधी निघणार?" मशीन येईपर्यंत तिची नजर टिकेल याची खात्री नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

एका सकाळी सुकदेव उरलेल्या टाइल्सपैकी एक घेऊन ओट्यावर बसला आणि हातातल्या दगडाने घासू लागला. पाणी, दगड, पाणी, दगड. दुपारपर्यंत घासत होता. मग धुऊन उन्हात धरली. लाल, लखलखीत.

"अक्का, ही एक देखी ल्या. बाकीन्या बठ्ठ्या अश्याच शेतस."

मी दारात उभा होतो. आता सांगायलाच हवं होतं. मी चौकटीवरचं वाळलेलं सिमेंट नखाने खरवडत राहिलो.

कमलने टाइल मांडीवर घेतली. वाकून अगदी जवळून पाहिली. ओली कड बोटाने पुसली. बराच वेळ बघत होती. एकदा मान वर करून माझ्या दिशेला पाहिलं.

मग म्हणाली, "हिरवा छान आलाय."

सुकदेवने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"हाव अक्का," तो म्हणाला.

*

त्यानंतर ती अठरा वर्षं त्या फरशीवर राहिली. एकदाही पडली नाही. पाहुणे आले की सांगायची, "आमची हिरवी फरशी मी स्वतः निवडली." पाहुणे लाल फरशीकडे बघायचे, मग माझ्याकडे. मी मान हलवायचो. कुणीही कधी काही बोललं नाही. खानदेशातली माणसं तशी फटकळ, पण त्या एका बाबतीत सगळ्यांनी सांभाळून घेतलं.

सांगायचं मात्र राहूनच गेलं. दर दिवाळीला ठरवायचो.

शेवटच्या वर्षी एका शुक्रवारी तिच्या हातून कुंकवाचा करंडा निसटला आणि सगळं कुंकू खोलीभर पसरलं. मी फडकं आणायला धावलो.

"बसा हो," ती म्हणाली. "ह्या फरशीवर कुंकू कुठं दिसणारंय कुणाला."