न वाचलेल्या दहा कादंबऱ्यांची शिफारस

मेहकरच्या पोरांनी कोणत्या कादंबऱ्या वाचाव्यात हे एके वर्षी मी एकट्याने ठरवले, आणि त्यांतली एकही मी वाचली नव्हती.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते. मी उंद्रीचा, शिकून मेहकरला आलेला हंगामी मास्तर. शाळेत भाषा शिकवायचो. गावच्या वाचनालयाने दहा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी वेगळे कपाट करवून घेतले होते. त्यात काय ठेवायचे असा विषय निघाला आणि मी भर सभेत उठून म्हणालो, "माझ्यावर सोडा!" (मला उठायला निमित्तच लागते. कुठलीही खुर्ची मला पाच मिनिटांच्या वर सोसत नाही.)

वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे आमचे हेडमास्तरच. पुण्याकडचे, चष्म्यावरून बघणारे. म्हणाले, "उत्तम. दसऱ्याला सकाळी सभा आहे. दहा कादंबऱ्या मागवतो. प्रत्येकीची कथा काय, शेवट काय, कोणत्या वयाला द्यावी, सगळे सांगा. तुम्हाला नोकरीत कायम करायचे की नाही, तेही त्याच दिवशी ठरवू."

भादव्यात नागपूरहून गठ्ठा आला. पहिले पुस्तक उघडले. दोन पाने वाचून पाणी प्यायला उठलो. तिसऱ्या पानावर अंगणात चक्कर मारून आलो. चौथ्या पानावर फाटकाची कडी ढिली वाटली, ती ठोकली. असा महिना गेला! घराच्या सगळ्या कड्या पक्क्या झाल्या आणि मी चौथ्याच पानावर होतो. नवरात्राच्या सुटीत बैठक मारून वाचू, असे ठरवून मी निर्धास्त झालो.

घट बसले त्या दिवशी घरी आलो तर कोनाडा रिकामा!

"माय, माही पुस्तकं कुठं गेली?"

"तूच म्हनला ना, लय मोलाची हायेत, जपून ठेव? ठेवली देवीपाशी."

पाहतो तर काय! पुस्तकांच्या दोन चळती, त्यांवर पाट, पाटावर पत्रावळीत काळी माती, मातीत गहू, आणि मधोमध घट!

"अवं, मले वाचाची हायेत ती!"

"मंग महिनाभर काय करून राह्यला होता?"

"वाचूनच राह्यलो होतो!"

"वाचून राह्यला होता का फिरून राह्यला होता, ते मले दिसते. घट बसला, बापू. आता दसऱ्याचा निवद झाल्याबिगर हालवाचा नाही."

तिसऱ्या माळेला माय देवळात गेलेली पाहून मी पालथा पडलो आणि खालचे पुस्तक दोन बोटांनी ओढू लागलो. पुस्तक इंचभर सरकले, पाट कलला, घट डुलला! मी घटाला मिठी मारली, आणि नेमकी माय दारात.

"काय करून राह्यला रे?"

"दर्शन घेऊन राह्यलो."

"पालथं पडून?"

"साष्टांग, माय!"

मायच्या डोळ्यांत पाणीच आले. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही वेळची आरती माझ्याकडे आली आणि शेजारच्या बाया भाविक मास्तर बघायला जमू लागल्या.

अष्टमीला मी हाय खाल्ली. डोके धरून ओसरीवर बसलो. माझी बायको इंदू (लोणारची, चौथी पास) सुपात गहू निवडत होती.

"अवो, काऊन असे बसले?"

"नोकरी गेली!" म्हणून मी सगळे ओकून टाकले.

ती शांतपणे म्हणाली, "काय पायजे त्या पुस्तकाईतलं? घट बसाच्या आदी मी रोज दुपारी आत्याबाईले वाचून दाखवत होती. दाही झाली."

दाही! मला लाज वाटली. पण लाजेपेक्षा आनंद मोठा होता, म्हणून मी लाज बाजूला ठेवून दौत घेतली. इंदू सांगू लागली, तिची आत्याबाई म्हणजे माझी माय शेजारी बसून माना डोलवू लागली. पहिल्या कादंबरीतला मुलगा पुरात वासरू वाचवायला उडी घेतो.

"शेवट काय?"

इंदूने मायकडे पाहिले. "येते ना घरी."

"मंग त्याची माय पुरनपोळ्या करते," मायने पुरवणी जोडली. "लय गोड पुस्तक हाय!"

दुसरीतली मुलगी रानात हरवते, घरी येते, पुरणपोळ्या. तिसरीतल्या मुलाला लढाईत भाला लागतो, घरी येतो, पुरणपोळ्या. खरे तर इथेच मला शंका यायला हवी होती. पण पाय मोकळे करायची घाई झाली होती.

दसऱ्याला सभेत मी जोरात सुरुवात केली. चौथ्या कादंबरीला हेडमास्तरांनी चष्मा काढला.

"मास्तर, चारही ठिकाणी शेवटी पुरणपोळ्याच?"

"मंग ठेवा ना जी कपाटात!" समितीतले पाटील म्हणाले. सगळे हसले, हेडमास्तर सोडून.

"पुरातल्या मुलाची कादंबरी मी वाचली आहे. तो मुलगा बुडतो. शेवटच्या पानावर त्याची टोपी तेवढी सापडते. पुस्तक दाखवा."

"घरी आहे."

"का?"

"घटाखाली आहे."

अख्खी समिती माझ्या घरी आली! नैवेद्य व्हायचा होता. हेडमास्तर दोन तास ओसरीवर ताठ बसले आणि मी अंगणात येरझाऱ्या घातल्या. शेवटी मायने घट उठवला. पाणी झिरपून वरची दोन पुस्तके टम्म फुगली होती. हेडमास्तरांनी पुरातल्या मुलाचे पुस्तक काढून शेवटचे पान मोठ्याने वाचले.

"आं? बुडला?" माय मटकन खाली बसली. "इंदे, तू तं म्हने तो घरी आला!"

इंदूने पदर सावरला. "आत्याबाई, पोथी वाइटावर बंद करू नाही, चांगलं येईपर्यंत वाचत राहा लागते, हे तुमीच शिकवलं. पुस्तकात चांगलं येईच ना. मंग मी आपल्या मनानं पुढं वाचत होती."

"किती पुस्तकांत?" हेडमास्तरांनी विचारले.

"सातांत."

माझी नोकरी त्या फुगलेल्या पुस्तकासारखी संपली, असे मी धरून चाललो. पण हेडमास्तरांचा आवाज बदलला. "बाई, हे पुस्तक कोणत्या वयाला द्यावे?"

"बारा वरसांच्या पुढं द्या. आन ज्याचा भाऊ नाहीतं बहीण नुकती गेली असंन, त्याले आत्ता देऊ नका."

हेडमास्तरांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. मग दुसरे पुस्तक विचारले, मग तिसरे. दिवेलागणीला यादी झाली, खाली शिफारस म्हणून इंदूचे नाव पडले. मला फार अभिमान वाटला. तो दाखवायला मी दोनदा बोललो, तर दोन्ही वेळा मला शाई आणायला पाठवले.

आठ दिवसांनी मला कायमही केले. फक्त भाषेचा तास काढून कवायत दिली. हेडमास्तर म्हणाले, पुस्तक न उघडता शिकवता येईल असा शाळेत तेवढा एकच विषय आहे!